शाल-श्रीफळ राहू द्या, मुलांच्या वह्या ऐका

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व ग्रामपंचायत सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समिती,
देवस्थानचे मानकरी,
सर्व वाड्यांचे गावकर, बचत गटांच्या ताई, मुंबईकर मंडळ आणि समस्त ग्रामस्थ,

सप्रेम नमस्कार.

परवा २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पडवीत मुलांनी सव्वा वर्षाचा निसर्ग-अभ्यास मांडला होता. आपण सगळे आलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार. फीत कापली, पाहुण्यांची टेबलांवरून एक फेरी झाली, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढले, शाल-श्रीफळ झालं, जिलेबी वाटली आणि साडेदहाला पडवी रिकामी झाली. यात मला कुणाची चूक काढायची नाही. कार्यक्रमपत्रिकेवर ‘प्रदर्शन पाहणी – १० मिनिटे’ असं मीच लिहिलं होतं. त्या दहा मिनिटांचा सल मनात राहिला, म्हणून हे पत्र.

शेवटच्या टेबलाशी सहावीतला एक मुलगा उभा होता. त्याच्यापुढे तक्ता नव्हता, थर्माकोल नव्हतं. दोनशेपानी एक वही होती, पावसात भिजून फुगलेली. गेल्या जूनमध्ये पऱ्याला, म्हणजे आपल्या ओढ्याला, पहिलं लाल पाणी आलं त्या दिवसापासून बारा दिवस तो आणि त्याचे बाबा रोज संध्याकाळी साकवापाशी जाऊन उभे राहिले. पहिल्या पाण्याला मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, हे मी आपल्याला सांगायला नको. त्या रात्री निम्मा गाव बॅटऱ्या घेऊन पाण्यात असतो. या मुलाने मासे पकडले नाहीत, मोजले. कोणत्या दिवशी आले, किती वाजता, कुठल्या काठाने, पाणी घोट्याएवढं होतं की गुडघ्याएवढं, सगळं पेन्सिलीने लिहिलं. तिसऱ्या दिवसाच्या पानावर त्याचे शब्द असे आहेत: ‘बंधाऱ्याच्या फळ्या काढलेल्या नाहीत. मासे उडी मारतात, फळीवर आपटतात, परत खाली पडतात. खाली माणसं जाळी घेऊन बसली आहेत.’ पुढच्या पानावर एका माशाचं चित्र आहे. तोंड खालच्या बाजूला, दगडाला चिकटून बसलेला. चित्राखाली लिहिलं होतं, ‘अनोळखी मासा’.

फेरी संपली, माणसं पांगली. खालच्या वाडीतल्या एक आजी नातीला घ्यायला थांबल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्या मुलाला म्हणाल्या, ‘काय लिवलंस रे येवढं? वाच की.’ तो वाचायला लागला, बाराच्या बारा दिवस. आजी पायरीवर बसून ऐकत होत्या. चित्राचं पान आलं तशी त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. ‘ह्यो अनोळखी? आरं, ह्यो मळ्या! धोंड्याला चिकाटतो त्यो.’ मग फळ्यांचा विषय निघाला. पूर्वी त्या जागी दगड-मातीचा बांध असायचा, दरवर्षी घालायचा आणि पहिल्या लोंढ्यात तो आपोआप वाहून जायचा, त्यामुळे माशांना वाट मोकळी व्हायची, हे आजींनी सांगितलं. मुलाने ‘अनोळखी मासा’ खोडलं, ‘मळ्या’ लिहिलं. बांधाचं सगळं समासात उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, ‘सांगणार : आजी’. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. फोटो काढताना तो तसा नव्हता.

घरी येऊन मी जरा शोध घेतला. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, तेव्हा या माशाला शास्त्रीय नाव देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचा शब्दच उचलला. आजही हा मासा जगभरातल्या अभ्यासकांना ‘गारा मुल्या’ या नावाने माहीत आहे. आजींच्या तोंडचा शब्द शास्त्रात जाऊन पावणेदोनशे वर्षं उलटली, आणि आजींच्याच गावातल्या मुलाला तो ठाऊक नव्हता. शाळा आणि आजीचं घर यांच्यात अंतर किती, तर पाच मिनिटांची पाखाडी.

माझं म्हणणं या पायरीवरच्या अर्ध्या तासाइतकंच आहे. मुलांच्या अभ्यासाचं कौतुक करायचं, तर तो अभ्यास बसून ऐका. चुकलं असेल तिथे सुधारा, राहिलं असेल ते सांगा. त्यांनी दाखवलेली एखादी गोष्ट खरी वाटली, तर ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्या.

मी इथली नाही. माझं माहेर सोलापूरकडचं, नान्नजच्या जवळ. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ मधलं. माझे आजोबा ज्वारीच्या रानात उभा राहिलेला माळढोक केवढा असायचा, ते हात कमरेच्या वर धरून दाखवायचे. आता तो पक्षी तिथे क्वचितच नजरेस पडतो. आमच्या गावात शाळा होती, मुलं होती, रोज माळावर गुरं नेणारी माणसं होती. पण कुठल्या वर्षी किती माळढोक कुठल्या शेतात उतरले आणि कधीपासून उतरायचे थांबले, हे आमच्या गावातल्या एकाही वहीत लिहिलेलं नाही. आजोबा गेले आणि त्यांच्याजवळचं सगळं त्यांच्याबरोबर गेलं. त्यांना कुणी विचारलं नाही. मीसुद्धा विचारलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

मारुती चितमपल्ली हे आमच्या सोलापूरचेच. वन खात्याच्या नोकरीत राहून त्यांनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावं वेचली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आमच्या मुलांच्या पाखरांच्या वह्या २०२४ मध्ये त्याच आठवड्यात सुरू झाल्या.

त्या पहिल्याच आठवड्यातली माझी एक चूक सांगते. पाचवीतल्या एका मुलीने वहीत ‘गरुड’ लिहून मोठी पिवळी चोच काढली होती, चोचीवर दुसरी चोच बसवल्यासारखी. मी लाल पेनाने ‘गरुड’ खोडलं आणि ‘धनेश’ केलं. ती म्हणाली, ‘बाई, माझे आजोबा गरुडच म्हणतात. मग गावातले सगळे चुकीचं बोलतात का?’ मला उत्तर देता आलं नाही. आता आमच्या वह्यांत प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत. एक पुस्तकातलं नाव, एक गावातलं नाव. गरुड, माडगरुड, ककणेर ही सगळी नावं त्यात आहेत आणि एकही खोडलेलं नाही.

हीच मुलगी गेल्या शिमग्यानंतर दोन महिने देवराईतल्या बेहड्याच्या झाडावर लक्ष ठेवून होती. ते झाड नेमकं कुठलं, हे उघड पत्रात लिहीत नाही. गावातल्यांना कळलं असेलच. मादी ढोलीत शिरते, आतून विष्ठा आणि फळांचा चोथा लावून तोंड बुजवून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर बाहेरून तिला आणि पिल्लांना भरवतो. मुलगी चाळीस पावलांवर जांभ्याच्या गडग्याआड बसायची, भडक रंगाचा फ्रॉक घालायची नाही आणि एकटी जायची नाही. आजोबा सोबत असायचे. एका सकाळी नर अकरा वेळा आला, असं तिच्या वहीत आहे. वडाची फळं, उंबरं, काजऱ्याची फळं. झाडाखाली पडलेल्या बिया तिने गोळा करून ओळखल्या. त्यातल्या तीन तिच्या आजोबांनी सांगितल्या, दोन अजून ओळखायच्या राहिल्या आहेत.

मानकरी मंडळींना हात जोडून सांगते, कारण विषय देवाच्या जागेचा आहे आणि मी बाहेरची आहे. देवळाच्या जीर्णोद्धारात सभामंडप वाढवायचा विचार चालू आहे आणि त्या बाजूचं एक झाड ‘पोकळ झालंय, कधीही पडेल’ म्हणून काढायचं घाटतंय, असं कानावर आलं. धनेशाला ढोली स्वतः कोरता येत नाही. एवढा मोठा पक्षी मावेल अशी ढोली जुन्या, पोकळ झालेल्या झाडातच मिळते, आणि एकदा जागा पसंत पडली की तो वर्षानुवर्षं तिथेच येतो. सुताराच्या हिशेबात जे झाड वाया गेलं, तेच त्याला हवं असतं. झाड खरोखर धोक्याचं असेल, तर माणसांच्या जिवापुढे काही नाही, हे मलाही मान्य आहे. पण वजनदार फांद्या छाटून भागतं का, मंडप दुसऱ्या अंगाला वाढवता येतो का, हे आधी बघावं. आणि देवापुढे कौल लावण्याआधी त्या मुलीची वही एकदा वाचून घ्यावी. देवराईतलं पान घरी न्यायचं नाही, हे तिला आपणच शिकवलं आहे.

सड्याचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, काम सातवीच्या मुलांचं. सुतळीने एक मीटर चौरस आखायचा आणि त्यात काय काय उगवतं, ते दर रविवारी लिहायचं, एवढंच. जूनच्या पहिल्या पावसात काळ्या कातळावर पांढरी दीपकाडी आली. ही वनस्पती कोकणातल्या या कातळसड्यांची आहे, जगात दुसरीकडे कुठे ती आपसूक उगवत नाही. मग गवतं, मग श्रावणात गेंद आणि निळी सीतेची आसवं. सीतेची आसवं मातीतल्या बारीक जिवांवर पोसतात हे कळल्यावर वर्गात जो गलका झाला, तो आपण ऐकायला हवा होता. एका चौकटीत चार महिन्यांत मुलांना सव्वीस तऱ्हेची झाडं-झुडपं-गवतं मिळाली. नावं निम्म्यांचीच लागली. त्यानंतर एका मुलाने घरून सातबाराची झेरॉक्स आणली. त्या सड्यापुढे लिहिलं आहे, ‘पोटखराब’. मुलाने मला विचारलं, ‘बाई, खराब कसं?’ मी त्याला महसुलाच्या भाषेत त्याचा अर्थ लागवडीला न येणारी जमीन असा होतो, हे सांगितलं. अर्थ त्याला समजला, पण पटला असं वाटलं नाही.

चिरेखाणीवर आपल्यातल्या बऱ्याच घरांची चूल पेटते. मुलांचे बाबा, काका तिथे कामाला आहेत. खाणी बंद करा, असं मी म्हणत नाही आणि मुलांनीही तसं म्हटलेलं नाही. त्यांनी सड्याचा नकाशा काढला आहे आणि दीपकाडी दाट येते तो पट्टा हिरव्या रंगाने रंगवला आहे. पट्टा फार मोठा नाही. नवी खाण मागताना, देताना, तेवढा वगळता येईल का, हे नकाशा समोर ठेवून बोलावं.

रानभाज्यांच्या वहीबद्दल बचत गटाच्या ताईंशी वेगळं बोलेन. टाकळा, भारंगी, फोडशी, कुड्याच्या शेंगा यांच्या पाककृती मुलींनी घरोघर जाऊन लिहून आणल्या आहेत आणि त्यात तीन घरांच्या भारंगीवरून वाद आहे, तो ताईंनाच सोडवावा लागेल.

आता थोडं कागदोपत्री. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी मिळून करायची जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. लोकांच्या नोंदवहीची ही कल्पना पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लावून धरली होती. गावातली जाणती माणसं आणि शिकणारी मुलं मिळून ती लिहितील, अशी त्यामागची धारणा. बरीच वर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि ठिकठिकाणी घाईने वह्या पुऱ्या झाल्या. आपल्या पंचायतीच्या कपाटातली नोंदवही मी पाहिली आहे. छान बांधणीची आहे, झाडांची यादी आहे, पण कुठलं झाड कुठल्या वाडीत, ते नाही. मळ्या नाही. गरुड नाही. दीपकाडी नाही. ज्यांनी ती केली, त्यांच्याकडे दिवस कमी होते, मी त्यांना दोष देत नाही. पण नोंदवहीत भर घालत राहायची असते आणि आपल्याकडे आता भर घालायला काहीतरी आहे. समितीने मुलांच्या वह्या तपासाव्यात, आजी-आजोबांना बोलावून खात्री करावी आणि जे पक्कं ठरेल, ते नोंदवहीला जोडावं. मुलांच्या नावानिशी.

पालकांपैकी काहींना वाटतं की यात शिष्यवृत्तीचा अभ्यास बुडतो. बुडत नाही. सरासरी म्हणजे काय, ते वर्गातल्या मुलांना मासे मोजतानाच पहिल्यांदा नीट कळलं. सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचा विषय शाळेत सक्तीने शिकवायला सांगितलं ते १९९१ मध्ये. तेव्हापासून तो विषय पुस्तकात आहे, प्रकल्पवहीत आहे आणि शहरातल्या दुकानात तयार तक्त्यांच्या रूपात विकायलाही आहे. एका वर्षी तालुक्याच्या गावी एका प्रदर्शनात आमच्या मुलांच्या मळक्या वह्या बाजूला सारल्या गेल्या आणि विकत आणलेल्या ज्वालामुखीला पहिला नंबर मिळाला. परत येताना एसटीत मुलं गप्प होती. तेव्हाच ठरवलं, यात पहिला-दुसरा-तिसरा करायचा नाही. कुणाच्या बेहड्यावर पक्षी बसला आणि कुणाच्या नाही, यात नंबर कसला काढायचा?

आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासव महोत्सव होतो. तो बघायला माणसं लांबून येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात. पण तिथे आधी काम झालं, मग महोत्सव आला. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावातली माणसं रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधत राहिली, अंडी राखत राहिली. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक आले, ते त्यानंतर. आपल्याकडे पर्यटक यावेत, असं मला म्हणायचं नाही. आधी आपण आपल्याकडचं बघितलं, तर बरं.

म्हणून मागणं असं आहे. येत्या शिमग्यात पालखी सहाणेवर बसलेली असते, मुंबईकर आलेले असतात, चार वाड्यांची माणसं एका जागी असतात. त्यातल्या एका रात्री नमन सुरू होण्याआधीचा एक तास मुलांना द्या. स्टेज नको, हार नकोत, भाषणं नकोत, माझंही नको. मुलं सहाणेच्या कडेने वह्या घेऊन बसतील, आपण त्यांच्यासमोर बसा. ज्याला वाचता येत नाही, त्याला मुलगा वाचून दाखवेल. वृद्धांना पुढे बसवा आणि त्यांना घाई करू नका. मुंबईकर मंडळाने बक्षिसांसाठी पैसे देऊ केले आहेत, त्याबद्दल ऋणी आहे. त्याऐवजी एक बरी दुर्बीण आणि जाड कागदाच्या पन्नास वह्या द्याव्यात, अशी विनंती आहे. आणि शक्य असेल, तर त्या रात्री कुणी लहानपणीचा पऱ्या कसा होता, एवढं सांगावं. मुंबईत चाळीस वर्षं राहिलेल्या माणसालाही ते आठवत असतं, हे मी गणपतीत ऐकलं आहे.

मग १ मेची ग्रामसभा. तिच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा, अशी सरपंचांना लेखी विनंती या पत्रासोबत वेगळी देत आहे: बंधाऱ्याच्या फळ्या २५ मेच्या आत काढणे. खर्च चार माणसांच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. उन्हाळ्यात गुरांना आणि वायंगण शेतीला पाणी लागतं, म्हणून फळ्या फार लवकर काढू नयेत, हे खालच्या वाडीचं म्हणणं मुलांनी ऐकून घेतलं आहे आणि तारीख त्यांनीच त्यांच्याशी बोलून ठरवली आहे. पहिल्या पाण्यानंतरचे तीन दिवस बंधाऱ्याखाली जाळी लावायची नाहीत, असा दुसरा ठराव मुलांना हवा होता. त्यावर त्यांच्यातच मतभेद झाले, कारण चढणीच्या माशांचं कालवण सगळ्यांच्याच घरी आवडतं. तो विषय त्यांनी आपल्यावर सोडला आहे.

विषय निघेल तेव्हा त्या मुलाला बोलू द्यावं. तो थोडा अडखळतो, पण बारा दिवसांचं त्याला तोंडपाठ आहे. आजींनाही मी घेऊन येईन. त्या यायला तयार आहेत, दुपारी तीननंतर, गोठ्यातलं काम आटोपून.

वह्या शाळेत माझ्या टेबलावर आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एकपर्यंत मी असते. शिमग्याची वाट न बघता कुणी आलं, तर मुलं घरून धावत येतील, वाडी जवळच आहे.

आपली,
बाई
जिल्हा परिषद पूर्ण प्राथमिक शाळा